गेटवे – १ नग: सौर प्रकल्पांच्या हवामान नोंदीची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत पत्र्यावर बसणाऱ्या सौर प्रकल्पाच्या कोटेशनमध्ये अगदी तळाला एक ओळ असते: ‘वेदर सेन्सर संच – १, गेटवे – १ नग’. पॅनेल कोणत्या कंपनीचं, इन्व्हर्टरला वॉरंटी किती, यावर तासभर घासाघीस होते. या ओळीपाशी कुणी थांबत नाही. गेटवे म्हणजे सेन्सरचे आकडे पुढे पोचवणारी डबी. पण दोन वर्षांनी ‘वीज ठरल्यापेक्षा कमी का आली?’ हा वाद उभा राहतो, तेव्हा त्या दिवशी छतावर ऊन किती होतं हे सांगणारा साक्षीदार तेवढाच असतो. या ‘एक नग’च्या नावाखाली दोन अगदी वेगळी यंत्रं विकली जातात, हा सगळ्या गोंधळाचा उगम आहे.

ऊन मोजायचं उपकरण, म्हणजे किरणमापक, शंभर वर्षांहून जुनं आहे. काचेच्या दुहेरी घुमटाखाली काळी चकती, ती तापली की तिच्या खालच्या जोडांत सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो, एवढंच तत्त्व. आपल्या देशात किरणमापनाची केंद्रं १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने पद्धतशीर उभी राहिली आणि त्यांची सूत्रं पुण्यातून हलत. तिथे नोंद कागदावर व्हायची आणि कागद केंद्रातच राहायचा. वरच्या कार्यालयाला मग ती कळवली जायची. नोंद आणि निरोप ही दोन वेगळी कामं आहेत हे तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. कोल्हापुरात तर आजही लागू नये. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट-इंचांत आधी मोजून लिहिली जाते आणि मग गावभर होते. फोन बंद पडला म्हणून वहीतला आकडा पुसला जात नाही.

२०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन आलं आणि पुढच्याच वर्षापासून देशभर स्वयंचलित सौर किरण मापन केंद्रं उभी राहू लागली. त्यांची आकडेवारी मोबाइल नेटवर्कवरून चेन्नईतल्या मध्यवर्ती केंद्राकडे जायची. तिथून पुढे खासगी प्रकल्पांनीही तोच नमुना उचलला, मात्र स्वस्तात.

स्वस्ताईचं मूळ तारेत आहे. चांगल्या किरणमापकातून भर उन्हात, म्हणजे चौरस मीटरला १००० वॅटच्या आसपास, जेमतेम १० मिलिव्होल्ट निघतात. एवढा अशक्त संकेत शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेला, तर वाटेतली प्रत्येक मोटर त्यात आपला आवाज मिसळते. म्हणून आधी मोजमाप ४ ते २० मिलिअँपिअरच्या विद्युतप्रवाहात पाठवायची पद्धत रूढ झाली आणि नंतर सेन्सरच्या पोटातच आकडा तयार करून तो आरएस-४८५ या जोडणीच्या दोन तारांवरून पाठवायची. ही तार १२०० मीटरपर्यंत जाते आणि तिच्यावरची मॉडबस ही भाषा १९७९ ची, कारखान्यांसाठीच जन्मलेली. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्यांना ती आधीच तोंडपाठ होती. भट्टीचे तापमान नियंत्रक आणि एनर्जी मीटर त्याच तारेवर बोलतात. सौर सेन्सर आले तेव्हा ते जोडायला बाहेरून माणूस बोलवावा लागला नाही, आणि त्यामुळेच फाउंड्रीतल्या सवयीही छतावर चढल्या.

भट्टीच्या कंट्रोल पॅनेलमध्ये तो आकडा समोरच्या स्क्रीनवर दिसायचा आणि ऑपरेटर तो शिफ्टच्या वहीत लिहायचा. पुढे ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आकडा हवा झाला, तेव्हा मॉडबसचं इथरनेट, म्हणजे कॉम्प्युटरच्या जाळ्याची भाषा, करून देणारी छोटी डबी आली. तिलाही गेटवे म्हणू लागले आणि ते चूक नव्हतं, कारण एका भाषेच्या दारातून दुसऱ्या भाषेच्या अंगणात नेणारी ती वाटच होती. मात्र या डबीला स्मरण नसतं. पलीकडून कुणी विचारलं तर ती सेन्सरला विचारून सांगते. पलीकडे कुणी नसेल तर ती गप्प. त्याच सुमारास दुसरी जात आली. ही डबी स्वतःच्या घड्याळाने दर मिनिटाला सेन्सर वाचते, आकड्यावर वेळेचा शिक्का मारून आपल्या मेमरी कार्डात ठेवते आणि रेंज असेल तेव्हा पुढे पाठवते. रेंज गेली तर थांबते, आली की मागची थकबाकी चुकती करते. बाजारात हिचं नाव कधी डेटा लॉगर, कधी गेटवे, आणि वायरमनच्या तोंडी दोघींचंही एकच: ‘डबा’.

पहिल्या डबीच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. ती स्वस्त, तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही आणि सगळी अक्कल सर्व्हरवर असल्याने सुधारणा करायला छतावर चढावं लागत नाही. शहराच्या मधल्या, फायबर आलेल्या इमारतीवर ती चालूनही जाते. पण आपल्याकडचा विचार जून ते सप्टेंबर धरूनच करावा लागतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगा धोका पातळीच्या ४३ फुटांवर कित्येक फूट गेली आणि शिरोलीजवळ महामार्ग अनेक दिवस बंद होता. माझ्या माहितीतल्या एका शेडवर पाणी छताच्या आसपासही नव्हतं. सेन्सरना स्वतःची बॅटरी आणि छोटं पॅनेल होतं. ते मोजत राहिले. मोबाइल टॉवर मात्र बंद होता आणि खाली बसवलेली डबी पहिल्या जातीची. ग्रिडची, म्हणजे बाहेरच्या लाइनची, वीज नसली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतात, त्यामुळे त्या दिवसांत किती वीज बुडाली हे सांगायला उनाच्या नोंदीखेरीज दुसरं काहीही नव्हतं. विम्याच्या कागदांसोबत जोडायला काढलेल्या तक्त्यात त्या दिवसांसमोर नुसत्या आडव्या रेघा आल्या.

स्मरण महाग पडतं, हा आक्षेप मला पटत नाही. सेन्सर संचाचे आठ आकडे दर मिनिटाला लिहिले तरी दिवसाच्या १४४० ओळी होतात. ओळीला १०० बाइट धरले तर महिन्याला साडेचार एमबीच्या आत. फोनवर काढलेला एखादा फोटो एवढी जागा खातो.

डबीत नुसतं स्मरण असून भागत नाही, वाचनही नीट लागतं. तारांची नावंच घ्या. आरएस-४८५ च्या मूळ मानकात ‘ए’ ही ऋण आणि ‘बी’ ही धन, पण बऱ्याच चिप बनवणाऱ्यांनी नेमकं उलट छापलं. त्यामुळे ए-ला-ए जोडूनही सेन्सर मुका राहतो आणि तारा अदलाबदल केल्या की बोलू लागतो. दुसरा घोटाळा रात्रीचा. निरभ्र रात्री घुमट आभाळाकडे उष्णता टाकून चकतीपेक्षा थंड होतो आणि किरणमापक शून्याखाली उतरतो, वजा ३ वगैरे. सेन्सर ते बरोबर पाठवतो. डबीत ‘हा आकडा वजाही असू शकतो’ ही खूण करायची राहिली असेल, तर वजा ३ हा ६५५३६ उणे ३ असा वाचला जातो आणि रात्री दोन वाजता तक्त्यात ६५५३३ वॅट उमटतात. ती ओळ तशीच बेरजेत गेली की महिन्याचं ऊन फुगतं आणि चांगला चाललेला प्रकल्प आळशी दिसू लागतो.

सेन्सर आडवा ठेवायचा की पॅनेलच्या उतारावर, हा प्रश्नही त्या ओळीत लिहिलेला नसतो. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. पॅनेल दक्षिणेकडे १५ अंश कललेलं असेल, तर त्या घटकेला आडव्या सेन्सरवर पॅनेलपेक्षा थेट ऊन साधारण साडेतीन टक्के जास्त पडतं. डिसेंबरात हे गणित उलटतं. शिवाय गळीत हंगामात साखर कारखान्याच्या चिमणीची काजळी घुमटावरही बसते. पॅनेल धुणाऱ्या पोराला तो पुसायला सांगितलेलं नसेल, तर ऊन कमी पडलं अशी खोटी नोंद होत राहते.

वेळेचा शिक्का महत्त्वाचा झाला तो २०१८ मध्ये राज्यात पवन आणि सौर प्रकल्पांसाठी पूर्वानुमानाचे नियम आले तेव्हापासून. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग, आणि प्रत्येक भागात किती वीज देणार हे आधी सांगायचं. छोट्या छतांना हे लागू नसलं तरी मोठ्या प्रकल्पांसाठी बनलेल्या डब्याच खाली झिरपल्या. इथेही साडेपाच तासांचा फरक नडतो. सर्व्हर जागतिक वेळेवर ताशी सरासरी काढत असेल, तर त्याचा तास आपल्या घड्याळात साडेअकरा ते साडेबारा पडतो आणि वीजमीटरच्या बारा ते एकशी जुळत नाही.

शेतीच्या फीडरसाठीच्या, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिनीसाठीच्या, सौर योजनेने, २०१७ पासून आणि २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात जास्त जोमाने, हा विषय शेडच्या पत्र्यावरून गावच्या गायरानात नेला. तिथे तार ओढणं परवडत नाही, म्हणून ८६५ मेगाहर्ट्झपासून सुरू होणाऱ्या विनापरवाना रेडिओ पट्ट्यावर बोलणारे बिनतारी सेन्सर आणि त्यांचा आणखी एक ‘गेटवे’ आला. आता एकाच शब्दाच्या पोटात तीन यंत्रं झाली. यातल्या बऱ्याच बिनतारी गेटवेंचं काम मुळात ऐकलेलं पुढे ढकलणं एवढंच असतं. वळवाच्या पहिल्या कडकडाटात लाइट गेली आणि सेन्सरनेही मागचं जपलं नसेल, तर तेवढा वेळ कोराच राहतो.

अलीकडे काही खरेदीदार ती तळाची ओळ बदलून घेऊ लागले आहेत. ‘गेटवे – १ नग’च्या जागी ते लिहितात: दर मिनिटाची नोंद वेळेच्या शिक्क्यासह डब्यातच किमान ३० दिवस राहावी, वीज गेल्यावर बॅटरीवर चालू राहावी, संपर्क परत आल्यावर मागची नोंद आपोआप पाठवावी आणि कार्ड काढून मालकाला स्वतः वाचता यावं. शेवटच्या अटीवर पुरवठादार अजून अडतात.