पडद्यावरचे गुण आणि ताटातली कोशिंबीर

इंदूरच्या मराठी घरांत पक्षाघाताला सर्रास लकवाच म्हणतात, आणि लकवा म्हटला की डोळ्यांपुढे हात-पायच येतात. मालीश होतं, फिजिओथेरपी होते, माणूस काठी टेकत का होईना चालू लागतो. मग कुणाच्या तरी लक्षात येतं, की ताटात डावीकडे वाढलेली चटणी-कोशिंबीर रोज तशीच राहते आहे. डोळे शाबूत असतात. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली, की कित्येकदा डावी बाजूच माणसाच्या लेखी उरत नाही.

अशा इजांवर शिकवणीचा उपाय युद्धांतून आला. पहिल्या महायुद्धात जर्मनीत कुर्ट गोल्डश्टाइन, दुसऱ्यात उरलमधल्या इस्पितळात अलेक्झांडर लुरिया, दोघांपुढेही मेंदूला जखम झालेले सैनिक होते. गेलेला भाग परत येत नाही, पण तेच काम मेंदूकडून दुसऱ्या वाटेने करून घेता येतं, हे लुरियांचं सूत्र. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लेनर्ड डिलर आणि जोसेफ वाइनबर्ग यांनी पक्षाघाताच्या रुग्णांसाठी पानाच्या डाव्या कडेला ठळक उभी रेघ ओढली. नजर आधी त्या रेघेवर न्यायची, मगच ओळ वाचायची. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत आवडते ती ही रेघ. वीजसुद्धा लागत नाही.

त्यानंतर घरगुती कॉम्प्युटर आणि अटारीचे व्हिडिओ गेम आले, आणि अमेरिकेत विल्यम लिंच यांनी ते मेंदूच्या रुग्णांच्या हाती दिले. उत्साह मोठा होता. १९९०मध्ये इयान रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी डावी बाजू हरवलेल्या ३६ रुग्णांची चाचणी केली: काहींना कॉम्प्युटरवर नजर फिरवण्याचं शिक्षण, बाकीच्यांना नुसते खेळ. फरक पडला नाही. २००७च्या एका स्वीडिश अभ्यासात स्मरणशक्तीच्या सरावाने रुग्णांना रोजच्या जगण्यातही फायदा जाणवला, पण रुग्ण होते अवघे १८. २०१०मध्ये ११,४३० निरोगी लोकांनी सहा आठवडे असाच ऑनलाइन सराव केला. ज्या खेळाचा सराव, त्यातच गुण वाढले.

आपल्याकडे भाषेचीही गाठ आहे: मेंदूचं काय बिघडलं, काय सुधारलं, हे तपासायचं तर रुग्णाच्या भाषेत. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, आकलनशक्ती तपासायच्या चाचण्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या भाषांत बसवल्या. त्यांत मराठी नव्हती. इंदुरात हिंदीवर भागेल, असं वाटतं खरं. पण सराफ्यात हिंदीत भाव करणारे आमचे आजोबा पाढे म्हणतात ते ‘बे एके बे’च.