सोळा गळ आणि एक जनुक

व्याख्यान संपलं की एक प्रश्न हमखास येतो : 'जनुकाचं पेटंट कंपनीकडे, मग माझं शरीरही तिच्याच मालकीचं का?' नाही. अमेरिकेत पेटंट मिळायचं ते पेशीतून काढून वेगळ्या केलेल्या जनुकाला. २०१३ साली मिरियड या कंपनीविरुद्धच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तेही थांबवलं. आरएनएवरून (पेशीत निघणारी जनुकाची नक्कल) प्रयोगशाळेत घडवलेल्या सी-डीएनएला मात्र वाट मोकळी ठेवली. पण तिथेही दुसरी चाळणी लागतेच : त्या विषयातल्या सामान्य जाणकाराला जे सहज सुचलं असतं, त्याला पेटंट नाही.

जनुक म्हणजे प्रथिन घडवायची डीएनएत लिहिलेली कृती. मग प्रथिन आधीच माहीत असेल, तर त्याचं जनुक 'सहज सुचणारं' ठरतं का? इथे खरी गंमत आहे. डीएनएची तीन अक्षरं मिळून एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एक मणी, ठरतं. अशा त्रयी ६४, त्यांपैकी तीन पूर्णविरामाच्या. उरलेल्या ६१ त्रयींसाठी अमिनो आम्लं मात्र २०. ल्यूसिनला सहा त्रयी, मिथिओनिनला एकच. म्हणजे जनुकावरून प्रथिन नेमकं सांगता येतं, उलट जाताना मात्र प्रत्येक पावलाला फाटे फुटतात. 'इन्सुलिनसदृश वाढघटक' नावाच्या प्रथिनांबाबत अशा संभाव्य क्रमांची संख्या एकावर ३६ शून्यं एवढी भरली. जनुकांच्या पेटंटांवरच्या १९९३ च्या बेल आणि १९९५ च्या ड्यूएल निकालांत अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने हाच धागा धरला : इतक्या शक्यतांतून नेमका क्रम कोणाला सुचणार? पेटंट द्या.

गणित बरोबर, पण प्रयोगशाळेत कोणी क्रम ओळखत बसत नाही. तो गळाला लावतात. प्रथिनातला सोयीचा तुकडा निवडायचा, समजा मिथिओनिन, ट्रिप्टोफॅन, लायसिन, ॲस्पार्टिक आम्ल, फिनाइलॲलनिन, टायरोसिन. पहिल्या दोघांना एकेक त्रयी, पुढच्या चौघांना दोन-दोन. एकूण शक्यता फक्त १६. (ल्यूसिन, सेरिन, आर्जिनिन दोन-दोनदा आले असते तर ४६,६५६!) सोळाही तुकडे बनवायचे, त्यांना किरणोत्सारी खूण लावायची आणि पेशीतल्या नाना जनुकांच्या सी-डीएनएच्या संग्रहावर सोडायचे. जोडीदार सापडला की तुकडा तिथे चिकटतो, फिल्मवर काळा ठिपका उमटतो. निसर्गाने कुठला क्रम निवडलाय हे आधी ठाऊक असण्याची गरजच नाही. गळ नेहमी लागतोच असंही नाही म्हणा; आरएनए दुर्मीळ असेल तर महिनोन्महिने फिल्म कोरी राहते.

अपील न्यायालय 'क्रम लिहून दाखवता येतो का' विचारत होतं. विचारायला हवं होतं, 'शोधून हाती लागेल अशी रास्त खात्री होती का'. सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या केएसआर निकालाने 'करून पाहणं उघडच होतं' या युक्तिवादाला पुन्हा जागा दिली. तो खटला मोटारीच्या पेडलचा! दोन वर्षांनी कुबिन प्रकरणात एनके ('नॅचरल किलर' या रोगप्रतिकारक) पेशींवरच्या नेल या प्रथिनाच्या जनुकावरचा दावा याच कसोटीवर फेटाळला गेला. जनुकाची भाषा म्हणजे गूढ दैवी लिपी असल्याच्या थाटात 'डीएनएवरून भाग्य' विकणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा. प्रथिन आधीच्या एका पेटंटात आलेलं होतं, अर्जदारांनी वापरलेलं, त्या प्रथिनाला नेमकं चिकटणारं प्रतिपिंड बाजारात विकत मिळत होतं, आणि जनुक वेगळं करायची कृती प्रयोगशाळेच्या रोजच्या हस्तपुस्तिकेतली.