ब्लेझर आणि सुटाचा कोट: दिसायला सख्खे भाऊ, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही

हा घोळ मी स्वतः घातलाय म्हणून लिहितोय. मित्राकडे कार्यक्रम होता, फार फॉर्मल नको आणि अगदीच टीशर्टवर जायलाही नको, म्हणून कपाटातल्या कोळशी रंगाच्या सुटाचा कोट काढला, खाली जीन्स चढवली, आरशात बघितलं, वाटलं जमलं बुवा. तिथे पोचलो तर पहिल्याच माणसाने विचारलं, "काय रे, पॅन्टवर काही सांडलं का?" म्हणजे कोट बघून त्याला आधी हरवलेली पॅन्ट आठवली, आणि ब्लेझर व सुटाचा कोट यातला सगळा फरक खरं तर त्या एका प्रश्नात आला.

सूट म्हणजे एकाच थानातून कापलेले कोट आणि पॅन्ट. त्याचं कापड बहुतेक वेळा वर्स्टेड, म्हणजे लोकरीचे लांब तंतू विंचरून सरळ केलेले आणि मग घट्ट पीळ दिलेला धागा, त्यामुळे पोत गुळगुळीत असतो आणि त्यावर हलकी चमक येते. लेबलवर सुपर १००, सुपर १२० वगैरे लिहिलेलं असतं ते तंतूच्या बारीकपणाचं माप, सुपर १०० म्हणजे साधारण १८.७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि आकडा वाढेल तसा तंतू अजून बारीक (जास्त आकडा म्हणजे जास्त टिकाऊ असं धरून चालू नका, उलट बारीक कापड नाजूक असतं आणि चुरगळतंही लवकर). आता असला रेशमी पोताचा कोट जीन्सच्या जाड, रखरखीत सुती कापडावर ठेवला की दोन्ही एकमेकांशी भांडतात. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी बिनसलंय हे लगेच कळतं.

ब्लेझर मुळातच एकटा राहायला शिवलेला असतो, त्याच्या कापडाची पॅन्ट कुठे नसतेच. त्याचं नेहमीचं कापड हॉपसॅक, विण जरा मोकळी, टोपलीसारखी, जवळ जाऊन बघितलं तर बारीक चौकटी दिसतात, हवा खेळते आणि चुरगळलं तरी टांगून ठेवल्यावर बरंचसं सरळ होतं. बटणं कोटाच्या रंगात लपलेली नसतात, पितळी, शिंपल्याची नाहीतर शिंगाची, मुद्दाम दिसणारी. खिसे पुष्कळदा वरून शिवलेले, शर्टाच्या खिशासारखे, त्याला पॅच पॉकेट म्हणतात आणि तेवढ्या एका गोष्टीने कोटाचा रुबाब निम्मा उतरतो, म्हणजे ऑफिसातून घरी येतो म्हणा. खांद्याला भरावही कमी असतो. याउलट सुटाच्या कोटाचे खिसे आत कापलेले, बटणं कापडाशी मिळतीजुळती, खांदे जरा ताठ, कारण त्याचं कामच डोक्यापासून पायापर्यंत एक सलग रेघ दाखवायचं, आणि खालची पॅन्ट काढून घेतली की ती रेघ कमरेवर तुटते.

नावाची गोष्टही मजेशीर आहे. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचा लेडी मार्गारेट बोट क्लब, स्थापना १८२५ची, त्यांचे होडी वल्हवणारे गडी भडक लाल जाकिटं घालायचे, आगीसारखी लाल म्हणून ब्लेझर (इंग्रजीत ब्लेझ म्हणजे आगीचा भडका). ब्लेझर नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेची दुसरी कथाही सांगतात, पण मला बोट क्लबवाली जास्त पटते. सोनेरी बटणांचा गडद निळा डबल ब्रेस्टेड, म्हणजे पुढे बटणांच्या दोन रांगा असलेला ब्लेझर मात्र नौदलाच्या रीफर जॅकेट नावाच्या आखूड जाड कोटावरूनच आला. थोडक्यात एक भाऊ पाण्यावर, खेळात वाढलेला. दुसराही सुरुवातीला काही फार प्रतिष्ठित नव्हता बरं का, आपण आज ज्याला सूट म्हणतो तो लाउंज सूट एकोणिसाव्या शतकात आरामाचा पोशाख होता, गुडघ्यापर्यंत लांब असलेला फ्रॉक कोट मागे पडत गेला तसा हा पुढे सरकत ऑफिसात जाऊन बसला.

आणि वेगवेगळ्या कापडाचा कोट-पॅन्ट घालणं ही नवी फॅशन आहे असं वाटत असेल तर बो ब्रमेल बघा. १७७८ साली जन्मलेला इंग्रज, नटवेपणासाठी प्रसिद्ध, पण दिवसा घालायचा काय तर गडद निळा कोट, त्याला पितळी बटणं, खाली फिकट पिवळसर पॅन्ट आणि पांढराशुभ्र, कडक धुतलेला गळपट्टा. भरजरी काही नाही. सगळा जोर बेतून शिवण्यावर आणि स्वच्छतेवर. आजच्या नेव्ही ब्लेझरशी ताडून बघा, फार फरक नाही.

(ट्वीडचा, म्हणजे जाड खरखरीत लोकरी कापडाचा, चौकड्यांचा जो असतो तो स्पोर्ट कोट, तिसरा चुलत भाऊ, शिकारीबिकारीतून आलेला. तो पण एकटाच राहतो. त्याच्यावर परत कधीतरी.)

मग सुटाचा कोट एकटा कधीच घालायचा नाही का? काही चालतात. फ्लॅनेल (मऊ, लवदार लोकरी कापड), लिनन, सुती, कॉर्डरॉय असल्या पोतदार कापडाचा, प्लेन, जरा मऊ खांद्याचा असेल तर बिनधास्त घाला. पिनस्ट्राइपचा मात्र कधीच नाही, ते पट्टे खालच्या पॅन्टवर उतरण्यासाठीच असतात. अजून एक व्यवहाराची बाब कोणी सांगत नाही: कोट एकटा वापरलात की तो एकटाच झिजतो, एकटाच ड्राय क्लीनला जातो, कोपरावर चकाकायला लागतो, आणि वर्षभराने जोडी परत घातलीत की दोघांचे रंग वेगळे. गेला सूट. म्हणून जोडीतला एक धुवायला टाकला तरी दोन्ही एकत्रच द्यावेत.

माझं मत विचाराल तर स्वतःची स्टाईल घडवायची असेल त्याने आधी नेव्ही ब्लेझर घ्यावा. सुटात अर्धे निर्णय टेलरने आधीच घेतलेले असतात, तुम्ही शर्ट आणि टाय निवडली की संपलं. ब्लेझर घातलात की खाली कुठली पॅन्ट, कुठले बूट, शर्ट पांढरा की ऑक्सफर्ड नावाच्या कापडाचा फिकट निळा, टाय हवी की नको, सगळं तुमच्या डोक्यावर, आणि चार वेळा चुकल्याशिवाय आपल्याला काय शोभतं ते कळत नाही. सुरुवात करड्या फ्लॅनेलच्या पॅन्टने करा, ती चुकणं अवघड. एकच काळजी घ्या, पॅन्ट आणि ब्लेझरच्या रंगात ठसठशीत अंतर ठेवा, कारण नेव्हीखाली किंचित वेगळ्या छटेची नेव्ही पॅन्ट घातलीत तर परत तसलाच प्रश्न येणार, अंधारात कपडे घातलेस का म्हणून.

फिटिंगचे नियम मात्र दोघांना सारखेच. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडापाशी संपली पाहिजे, बाही आखूड करणं, कंबर आत घेणं टेलर सहज करून देतो, खांदा मोठा असेल तर तो कोट दुकानातच सोडा, त्यावर खर्च करू नका. बाहीखाली शर्टाची कफ सेंटिमीटरभर दिसू द्या. दोन बटणांचा असेल तर खालचं बटण उघडं, इंग्लंडचा राजा एडवर्ड सातवा याच्या पोटामुळे ही पद्धत पडली असं सांगतात, खरं असो नसो, आता कोट शिवतातच तसा, लावलंत की पुढून ओढला जातो.

आणि नवीन कोट घरी आला की मागच्या चिरेवर फुलीसारखा घातलेला कच्चा टाका कापा, तसंच बाहीवरचं कंपनीचं लेबल उसवा, ती दुकानापुरती सोय असते. माझ्या त्या कार्यक्रमातल्या फोटोत मी पाठमोरा उभा आहे, खाली जीन्स, वर कोळशी कोट, आणि मागे ती पांढऱ्या दोऱ्याची फुली जशीच्या तशी. फोटो ग्रुपवर अजून आहे, दर वाढदिवसाला कोणीतरी वर काढतंच.