जैवमाहितीशास्त्राचे महाविद्यालयीन अध्यापन, बेळगाव सीमाभागातील

डीएनए, आरएनए व प्रथिने यांचे क्रम संगणकात साठवणे, त्यांची तुलना करणे आणि त्यावरून जीवशास्त्रीय अनुमाने काढणे हे जैवमाहितीशास्त्राचे क्षेत्र. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या मराठीभाषक पट्ट्यात पदवीच्या विद्यार्थ्याला हा विषय बहुधा जैवतंत्रज्ञान, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र वा सूक्ष्मजीवशास्त्र यांतील एखादा पेपर किंवा घटक म्हणून भेटतो.

मराठीत जैवमाहितीशास्त्र व जैवमाहितीविज्ञान अशी दोन्ही रूपे आढळतात. ‘माहिती’ हा शब्द कन्नडमध्येही याच अर्थाने रूढ असल्याने सीमाभागात पहिले रूप अधिक सोयीचे वाटते. मूळ संज्ञेच्या कालाविषयी एकवाक्यता नाही. पॉलिन होगेवेग व बेन हेस्पर या डच अभ्यासकांनी ती १९७० च्या सुमारास वापरली, हे मत आता बहुतेकांना मान्य आहे. काही संदर्भग्रंथ मात्र ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नेतात. होगेवेग यांना अभिप्रेत अर्थ ‘सजीव व्यवस्थांमधील माहिती-प्रक्रियांचा अभ्यास’ असा व्यापक होता. क्रमांचे साठे व त्यांची संगणकीय तुलना हा आजचा रूढ अर्थ त्यानंतर स्थिरावला. त्यामुळे शब्दाचा जन्म आणि शास्त्राचा जन्म वेगवेगळे धरणे इष्ट. अमेरिकन शास्त्रज्ञ मार्गारेट डेहॉफ यांनी ६५ प्रथिनांच्या क्रमांचा संग्रह १९६५ मध्येच छापला होता, तेव्हा शास्त्राचा आरंभ तेथून मोजणे अधिक सयुक्तिक ठरते. भारतापुरते बोलायचे तर १९६३ चा रामचंद्रन आलेख हा प्रथिनांच्या रचनेच्या अभ्यासातील पायाचा टप्पा. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने १९८६-८७ मध्ये जैवमाहिती केंद्रांचे देशव्यापी जाळे उभारण्यास आरंभ केला आणि १९८७ मध्ये पुणे विद्यापीठात असे केंद्र निघाले.

बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे (१९९८) मुख्यालय आहे. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये स्थापन झाले; त्याआधी येथील पदवी महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला संलग्न होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची पारंपरिक वैद्यकासाठीची राष्ट्रीय संस्थाही याच शहरात असून औषधी वनस्पती हा तिचा महत्त्वाचा अभ्यासविषय आहे.

अध्यापनातील कळीचा भाग म्हणजे अलाइनमेंट, अर्थात दोन क्रम एकाखाली एक जुळवून मांडणे. नीडलमन व वुन्श यांची १९७० ची रीत यासाठी शिकवतात. एसीजीटी व एजीटी हे दोन क्रम घ्यावेत (ए, सी, जी, टी ही डीएनएच्या चार घटकांची अक्षरे). जुळणीला +१, विजोड अक्षराला −१ आणि रिकाम्या जागेला −२ गुण ठेवले, तर आरंभीची एक रिकामी ओळ व एक रिकामा स्तंभ धरून ५ × ४ अशी २० घरांची चौकट आखावी लागते. दुसऱ्या क्रमात ‘ए’नंतर जागा सोडली की तीन जुळण्या व एक रिक्ती मिळून +१ होतात, तीच रिक्ती शेवटी टाकली तर −३. ही चौकट पेन्सिलीने एकदा तरी भरून घ्यावी. ती न भरता थेट संकेतस्थळावर क्रम चिकटवणाऱ्या विद्यार्थ्याला पडद्यावर आकडा मिळतो, पण तो कुठून आला हे सांगता येत नाही. प्रत्येकी ३०० अक्षरांच्या दोन क्रमांना सुमारे ९० हजार घरे लागतात, म्हणून पुढे संगणक.

अक्षर सारखे नसले तरी जवळचे असू शकते, ही पुढची पायरी समजावण्यास खुद्द गावाचे नाव उपयोगी पडते. शिलालेखांतील वेणुग्राम या नावापासून बेळगाव झाले असे सामान्यतः मानतात. काही अभ्यासक वेळुग्राम हे रूप घेतात व ध्वनीच्या दृष्टीने ते अधिक जवळचे आहे. वे-णु-ग्रा-म याखाली बे-ळ-गा-व लिहिले की एकही रिक्ती लागत नाही आणि एकही अक्षर जुळत नाही, म्हणजे वरील पद्धतीने −४. तरी कानाला चारही जोड्या नात्यातल्या वाटतात. प्रथिनांसाठी हेच नाते १९७८ च्या पॅम व १९९२ च्या ब्लोसम कोष्टकांत आकड्यांनी मांडले आहे: ब्लोसम-६२ मध्ये ल्यूसीन या ॲमिनो आम्लाच्या जागी आयसोल्यूसीन आले तर +२, ॲस्पार्टिक आम्ल आले तर −४. बेळगाव व बेळगावी यांची जुळणीही उद्बोधक आहे. पूर्ण अक्षर हे एकक धरले तर शेवटी एक बदल. वेलांटी वेगळी मोजली तर एक भर. डीएनएत तीन अक्षरे गळाली की प्रथिनात एकच ॲमिनो आम्ल कमी होऊ शकते, ते याच न्यायाने.

प्रात्यक्षिकासाठी निपाणीच्या तंबाखूसारखे जवळचे पीक दुसरे नाही. तंबाखूच्या हरितलवकाचा संपूर्ण जीनोम (सर्व डीएनएचा क्रम), सुमारे १ लाख ५६ हजार बेस-जोड्या म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या जोड्या, जपानी शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केला; पूर्ण वाचल्या गेलेल्या पहिल्या दोन हरितलवक जीनोमांपैकी तो एक. तो जेनबँक या सार्वजनिक क्रमसाठ्यात विनामूल्य मिळतो. त्यातील आरबीसीएल हे प्रकाशसंश्लेषणातील एका विकराचे जनुक काढून वांगे, बटाटा, मिरची या त्याच कुळातील पिकांशी ताडून पाहता येते. फाइल फास्टा (क्रम साध्या मजकुरात ठेवण्याचे स्वरूप) रूपात उतरवल्यावर ती नोटपॅडमध्येच उघडावी. पहिली ओळ ‘>’ या चिन्हाने सुरू होते व तीत नाव असते, पुढच्या ओळींत केवळ क्रम. तीच फाइल वर्डमध्ये उघडून वर्डच्याच स्वरूपात जतन केली की प्रणाली ती नाकारते, आणि प्रात्यक्षिकाचा अर्धा तास ‘सर, एरर येतोय’ यात जातो.

भाषेचा प्रश्न येथे विशेष तीव्र आहे. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाने जनुक, गुणसूत्र, प्रथिन, विकर हे शब्द पक्के केलेले असतात. पीयूसी (अकरावी-बारावी) विज्ञानाला आल्यावर तेच जीन, क्रोमोसोम, प्रोटीन, एन्झाइम होतात, आणि तिसऱ्या बाजूला कन्नड असते. त्याला जीवशास्त्र येत नाही असा समज अशा वेळी सहज होतो, तो बहुतांशी चुकीचा आहे. वर्गात दोन्ही शब्द पहिल्या आठवड्यात शेजारी-शेजारी फळ्यावर लिहिले, तर ही अडचण पुष्कळ हलकी होते. खरी उणीव गणिताची. पीयूसीला गणित सोडून आलेल्यांना संभाव्यता व लॉगॅरिदम येथे नव्याने शिकवावे लागतात, कारण पॅम-ब्लोसममधले आकडे मुळात लॉगॅरिदमच आहेत.

पदव्युत्तर शिक्षणासाठी येथील विद्यार्थी धारवाड, कोल्हापूर, पुणे वा बंगळूर गाठतात.