जीन, जिन आणि आपला कापूस

आमच्या यवतमाळ-वर्धा-अकोला पट्ट्यात दिवाळीनंतर कोणी म्हटलं की "भाऊ जीनवर गेला", तर अर्थ एकच, कापसाची गाडी भरून जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यावर गेला, आता रांगेत उभा असन आणि भाव ऐकून डोकं धरून बसला असन. पण हाच शब्द शाळेतल्या पोराला विचारा तर तो विज्ञानाच्या पुस्तकातला जीन सांगते, कॉलेजातला दादा अंगातली पॅन्ट दाखवते, आजोबा घोड्यावरचं जीन म्हणतात आणि शिरपूर नाहीतर कारंज्याकडचे जैन लोक तीर्थंकरांना जिन म्हणतात. ऐकायला सगळे एका घरचे वाटतात. बहुतेक जण नाहीत, आणि जे दोघं खरे सख्खे हायत त्यांच्यावर कोणाचा संशयच जात नाही.

आधी कारखान्याचं घेऊ, कारण आमचं पोट तिथं हाय. इंग्रजी 'इंजिन' या शब्दाचं जुनं फ्रेंच रूप घासून घासून पुढचा तुकडा गळाला आणि 'जिन' उरलं, मग तिकडं कोणत्याही यंत्राला, अगदी शिकारीच्या सापळ्याला सुद्धा जिन म्हणायचे. १७९३ साली अमेरिकेत एली व्हिटनीनं सरकी वेगळी करायचं यंत्र बनवलं, पुढच्या वर्षी पेटंट घेतलं, आणि हा शब्द कापसाला कायमचा चिकटला. यावरून सरकी काढायची अक्कलच अमेरिकेतून आली असं कोणी सांगत असन तर थांबा बावा, आमच्या बुलढाण्याला लागून असलेल्या अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रात सरकी काढायचं लाटणं दिसते असं अभ्यासक सांगतात, आणि दोन लाटांची हातानं फिरवायची चरखी तर आपल्या देशात कितीतरी जुनी. व्हिटनीचं यंत्र तारेच्या दात्यांचं होतं. आपल्याकडच्या जीनमधी जास्त करून रोलर असतात, त्यांचं मूळ मॅकार्थीच्या १८४० च्या पेटंटात हाय. म्हणजे नाव एकाच्या यंत्राचं आणि मशीन दुसऱ्याच्या वळणाची.

हा शब्द इकडे आला तो साहेबासोबत. १८५३ मधी निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी पेटली, विलायतेतल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मग सगळ्यांची नजर आमच्या काळ्या मातीवर. १८६७ ला रेल्वे नागपूरला टेकली, १८७० ला खामगावला फाटा गेला, १८७७ ला नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढं मूर्तिजापूरहून यवतमाळ अन् अचलपूरला जाणारी शकुंतला रेल्वे, ती पण मुख्य करून कापसासाठीच टाकलेली. जिथं स्टेशन तिथं जीन-प्रेस, सरकी एकीकडे, रुई एकीकडे, रुईच्या गठाणी बांधल्या की चालल्या मुंबईला आणि तिथून जहाजानं विलायतेला.

अंगातल्या जीन्सचा याच्याशी काही संबंध नाही, कापूस तोच असला तरी. इटलीतल्या जिनोआ बंदराला फ्रेंचमधी 'झेन' म्हणतात, तिथल्या जाड कापडावरून ते नाव पडलं, आणि तांब्याचे रिव्हेट ठोकलेल्या पॅन्टचं पेटंट लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिसला मिळालं १८७३ मधी. घोड्याचं जीन फारसी. तिकडं तो 'झीन' हाय, पण मराठी जिभेला जग-जहाजातला ज जमते, त्यालाच ई लावली की पंचाईत, म्हणून आपण सरळ जीन करून टाकलं. पिण्याची जिन ज्युनिपर नावाच्या झाडाच्या फळावरून, डच लोक तिला येनेवर म्हणायचे, वर्ध्यात दारूबंदी हाय म्हणून तिच्यावर जास्त बोलत नाही. जैनांचा जिन संस्कृत 'जि' धातूचा, जिंकणारा, जय-विजयच्या घरातला.

मला सगळ्यात भारी वाटते तो गोष्टीतला अरबी जिन. ज-न-न या मुळाचा अर्थ झाकणं, लपवणं. डोळ्याला न दिसणारा तो जिन, झाडांनी झाकलेली बाग ती जन्नत, अक्कल झाकली गेली तो जुनून आणि असा माणूस मजनू. आपण मजनू म्हणून कोणाची टिंगल करतो तेव्हा त्याला जिन लागला असंच म्हणत असतो राजेहो! चिनी भाषेत तर साधारण याच उच्चाराचा शब्द सोन्याला हाय.

आता सख्ख्यांचं. विज्ञानातला जीन हा शब्द डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सननं १९०९ मधी काढला, त्यामागं ग्रीक 'गेनोस', म्हणजे वंश. आणि इंजिनचं मूळ लॅटिन 'इन्गेनियम', जन्मजात बुद्धी. दोन्हींच्या पोटात तेच जुनं मूळ हाय ज्यातून संस्कृतचा 'जन्' आला, आपला जन्म आला, जन आले. म्हणजे जिनिंगची मशीन आणि बीजातला जीन एकाच खानदानाचे.

आणि ते भेटले कुठं, तर आमच्याच वावरात. मार्च २००२ मधी सरकारनं बीटी कापसाला परवानगी दिली, मातीतल्या एका जिवाणूचा जीन सरकीत घालून बोंडअळीला मारायचं बियाणं. २००६ मधी दोन जीनवालं आलं, तरी २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं विदर्भात बोंडंच्या बोंडं पोखरली. पण या साऱ्या भानगडीत वावरात कोणी जीन हा शब्द काढत नाही. पाकीट मागताना 'बीटी' म्हणतात, परवानगी नसलेलं, तणनाशक मारलं तरी न जळणारं असलं तर हळूच 'चोर बीटी'. जीन म्हटलं की आजही गाडी जिनिंगकडेच वळते.