पॉट घेताना ओहमकडे कमी बघा

रोबोटच्या स्पर्धा जवळ आल्या की एक सर्किट हमखास फिरू लागतं: बॅटरी, मोटर आणि दोघांच्या मधे पोटेन्शिओमीटर, म्हणजे नॉब फिरवून रोध बदलता येणारं पॉट. नॉब फिरवा, मोटरचा वेग कमी-जास्त करा. व्हिडिओत ते चालतंही. स्वतः जोडलं की थोड्याच वेळात जळका वास येतो आणि मुलं ठरवून टाकतात की पॉट डुप्लिकेट निघालं. बहुतेक वेळा पॉट चांगलंच असतं, हिशेब चुकलेला असतो.

हिशेब शाळेतलाच आहे. साध्या कार्बनच्या पॉटला साधारण ०.२ वॅट उष्णता सोसते. रोध १० किलोओहम धरला, तर शक्ती म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध, या सूत्राने त्याच्या आतल्या कार्बनच्या पट्टीतून जास्तीत जास्त साडेचार मिलिअँपिअर धारा जाऊ शकते. नॉब फिरवून पट्टीचा छोटा तुकडाच वापरात ठेवला, तरी मर्यादा तीच राहते, कारण आता सगळी उष्णता त्या तुकड्यालाच सोसायची असते. खेळण्यातली मोटरसुद्धा शंभर-दोनशे मिलिअँपिअर सहज मागते, सुरू होताना तर कितीतरी जास्त. मोटरला धारा देणं हे ड्रायव्हर सर्किटचं काम. पॉटने फक्त सांगायचं की नॉब, किंवा रोबोटचा सांधा, कुठवर फिरलाय.

हे सांगणं पॉट कसं करतं, त्यात खरी गंमत आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ योहान पोगेनडॉर्फ यांनी १८४१ मध्ये पोटेन्शिओमीटरची पद्धत मांडली ती विभवांतर मोजण्यासाठी. प्रयोगशाळेत लाकडी फळीवर ताणलेली लांब तार आणि तिच्यावर टेकवायची जॉकी अनेकांनी पाहिली असेल. आपल्या पॉटमध्ये ती तार गोल वळवलेली कार्बनची पट्टी झाली आणि जॉकीचा झाला वायपर, म्हणजे मधला पाय. पट्टीच्या एका टोकाला ५ व्होल्ट, दुसऱ्याला शून्य. वायपर शून्याच्या टोकापासून तीन दशांश अंतरावर असेल तर त्याच्यावर मिळतात ५ व्होल्टचे तीन दशांश, म्हणजे दीड व्होल्ट.

आता पॉटच्या पाठीवर छापलेलं १० किलोओहम विसरून जा. स्वस्त पॉटमध्ये तो आकडा २० टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतो. म्हणजे आठ किलोओहम भरलं तरी कारखान्याच्या लेखी ते पासच. पण तीन दशांशावरचं विभवांतर आठ किलोओहमच्या पट्टीवर दीड व्होल्ट आणि बाराच्या पट्टीवरही दीड व्होल्टच. शिडीच्या मधल्या पायरीवर उभा असलेला माणूस शिडी दहा फुटांची असो की वीस, अर्ध्यावरच असतो, तसं हे गुणोत्तर. उन्हात पट्टी तापून तिचा रोध बदलला, तर तो सगळ्या पट्टीभर सारखाच बदलतो आणि गुणोत्तर शाबूत राहतं.

पुढची पायरी मला त्याहून आवडते. अर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावरचा एडीसी, म्हणजे विभवांतराचा आकडा करणारा भाग, आलेल्या विभवांतराची तुलना संदर्भाच्या विभवांतराशी करतो आणि ० ते १०२३ मधला आकडा देतो. नेहमीच्या जोडणीत हा संदर्भ म्हणजे बोर्डाचा स्वतःचा ५ व्होल्टचा पुरवठा. पॉटलाही तोच पुरवठा दिला, तर तीन दशांशाला आकडा येतो ३०७. मोटरने हिसका दिला आणि पुरवठा ४.६ व्होल्टवर घसरला, तर वायपरचं विभवांतर घसरतं, पण मोजपट्टीही तेवढीच आखडते. आकडा ३०७ च. कसलंही जादा सर्किट न लावता पुरवठ्यातली चूक छेद-अंशात कटून गेली! अट एकच: दोघांचा पुरवठा एकच हवा. पॉटला थेट ६ व्होल्टची बॅटरी आणि बोर्डाला वेगळे ५ व्होल्ट दिले की ही सगळी किमया संपते, वर बोर्डाची पिन धोक्यात येते.

मग ओहमचा आकडा कशालाच लागत नाही का? लागतो, कारण वायपरमधून कुणीतरी थोडी धारा ओढत असतं आणि तेवढ्यापुरतं गुणोत्तर बिघडतं. थोडं बीजगणित केलं तर दिसतं की ही चूक पट्टीच्या दोन तृतीयांश अंतरावर सर्वांत जास्त असते. तिथे ती पुरवठ्याच्या साधारण ४/२७ पट गुणिले पॉटचा रोध भागिले भाराचा रोध एवढी भरते. भार, म्हणजे वायपरमधून धारा ओढणाऱ्याचा रोध, पॉटच्या दहापट असेल तर चूक दीड टक्का, शंभरपट असेल तर ०.१५ टक्का. शिवाय एडीसीच्या आत एक इवलासा कपॅसिटर असतो आणि तो दर मोजणीला वायपरमधून भरावा लागतो. उनोच्या चिपचे निर्माते सांगतात की स्रोताचा, म्हणजे पिनला विभवांतर देणाऱ्या सर्किटचा, रोध १० किलोओहम किंवा कमी ठेवा. वायपर मध्यावर असताना पट्टीचे दोन अर्धे समांतर दिसतात, म्हणून हा रोध पॉटच्या एक चतुर्थांश होतो: १० किलोओहमच्या पॉटला अडीच, १०० च्या पॉटला २५. दुसऱ्या टोकाला १ किलोओहमचं पॉट उगाच ५ मिलिअँपिअर खात बसतं. त्यामुळे ५ किंवा १० किलोओहम घ्या आणि पुढे चला.

पुढे म्हणजे अक्षराकडे. पाठीवर 'बी१०के' छापलं असेल तर आजच्या बहुतेक मालात बी म्हणजे रेषीय (जेवढं फिरवाल त्याच प्रमाणात बदलणारं) आणि ए म्हणजे लॉगरिदमिक (आधी हळू, मग झपाट्याने बदलणारं). जुन्या युरोपीय मालात ए हाच रेषीय असतो, म्हणून अक्षरावर विसंबू नका. लॉग पॉट कानासाठी, म्हणजे आवाजाच्या नॉबसाठी असतं. ते सांध्यावर बसवलं तर अर्ध्या फेरीला आकडा कमालीच्या जेमतेम दहा-पंधरा टक्के येतो आणि रोबोटचा हात भलतीकडेच जातो. (आवाजाच्या नॉबवरून आठवलं: लाकडी नॉब लावल्याने संगीत 'उबदार' होतं असं छातीठोकपणे सांगून महागडे नॉब विकणारे लोक आहेत. नॉबमधून संदेश जातच नाही. गंडेदोरे विकायलाही एवढाच आत्मविश्वास लागतो.)

महाग ते अचूक, हा समजही इथे अंगलट येतो. दहा फेऱ्यांचं मल्टिटर्न पॉट घेऊन ते कोपराच्या सांध्यावर थेट बसवतात. कोपर फिरणार ९० अंश. साधं पॉट एकूण ३०० अंशांचं धरलं तर त्यात सुमारे ३०७ आकडे मिळतात, म्हणजे एका अंशात तीनपेक्षा जास्त. मल्टिटर्नच्या दहा फेऱ्या मिळून ३६०० अंश, त्यांतले ९० अंश म्हणजे जेमतेम २६ आकडे. एक आकडा साडेतीन अंशांचा! गिअर लावून पॉट जास्त फिरवणार असाल तरच ते घ्या.

प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचं छोटं पॉट, सांध्यावर कधीच नको. बऱ्याच प्रीसेटच्या डेटाशीटमध्ये आयुष्य २०० फेऱ्या लिहिलेलं असतं, आणि सरावाच्या एका दुपारीच सांधा तेवढा हलतो. नेहमीचं कार्बनचं पॉट हजारो फेऱ्या टिकतं, कंडक्टिव्ह प्लॅस्टिकचं लाखो. फिरवताना थांबा न लागता गोल गोल फिरत राहिलं आणि टकटक लागली, तर तो बहुधा रोटरी एन्कोडर, म्हणजे फिरण्याचे टप्पे मोजणारा भाग आहे, पॉट नव्हे. 'डिजिटल पोटेन्शिओमीटर' नावाची चिप तर हाताने फिरतच नाही. ऑनलाइन शोधात मात्र तिन्ही शेजारी शेजारी दिसतात.

शाफ्टचा, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याचा, व्यास बघा: ६ मिलिमीटर आणि पाव इंच, म्हणजे ६.३५, नजरेला सारखेच वाटतात, पण कपलिंग, म्हणजे शाफ्ट सांध्याला जोडणारा तुकडा, बसत नाही. दाते पाडलेल्या शाफ्टपेक्षा एका बाजूने सपाट असलेला शाफ्ट सांध्याला बरा, घसरत नाही. हाताचं वजन शाफ्टवर टाकू नका. सांध्याला स्वतःचा थांबा द्या, नाहीतर गिअरची मोटर पॉटच्या आतला थांबा मोडून पुढे जाते.

घेतल्यावर मल्टिमीटरने टोकाचा एक पाय आणि मधला पाय यांच्यात रोध बघत शाफ्ट सावकाश फिरवा. मध्यावर एकूण रोधाच्या जवळपास निम्मा आला तर रेषीय. मधेच आकडा उडी मारत असेल तर पट्टी खराब, ते पॉट बाजूला ठेवा. जोडताना वायपर आणि ग्राउंड यांच्यात १ मेगाओहमचा रोधक टाका. पट्टीवरून वायपर क्षणभर उचलला गेला तर पिन अधांतरी न राहता शून्याकडे ओढली जाते, आणि प्रोग्रामला 'शून्याजवळचा आकडा आला तर मोटर बंद' असं सांगता येतं, फक्त सांधा शून्याच्या टोकापासून थोडा दूर बसवायला हवा. भार पॉटच्या शंभरपट असल्याने चूक ०.१५ टक्का, म्हणजे १०२३ मध्ये दीड आकडा.