यमक कानाने शोधायचे, पण कोणाच्या?

लंडनमध्ये बातम्या वाचणाऱ्याच्या तोंडी 'सॉस' आणि 'सोर्स' हे दोन शब्द एकसारखेच येतात. इंग्लंडच्या बऱ्याच भागात स्वरानंतरचा 'र' गळून पडला आहे. त्याच्या पुढे पुन्हा स्वर आला तरच तो ऐकू येतो. स्कॉटलंडने, आयर्लंडने आणि अमेरिकेच्या बहुतेक भागाने तो राखला. आता एखाद्या कवितेची एक ओळ 'थॉट'वर आणि पुढची 'कोर्ट'वर संपली असे धरा. लंडनच्या वाचकाला ते चोख यमक वाटेल. शिकागोच्या वाचकाला कवी घसरला असे वाटेल.

दहावीला इंग्रजी कवितेच्या रसग्रहणात 'ऱ्हाइम स्कीम', म्हणजे यमकांची रचना, विचारतात, तेव्हा बरीच मुले ओळींच्या शेवटच्या अक्षरांवर नजर फिरवून मोकळी होतात. मार्क जातात ते इथेच. 'हॅव्ह' आणि 'केव्ह' यांच्या स्पेलिंगची शेपटी सारखी, पण यमक नाही. उलट 'ब्लू', 'शू', 'टू' आणि 'थ्रू' हे चारही जुळतात, आणि त्यांतल्या एकाचेही स्पेलिंग दुसऱ्यासारखे नाही.

इंग्रजीचा नियम असा: शेवटच्या शब्दात ज्या स्वरावर जोर पडतो, तिथपासून शब्दाच्या टोकापर्यंतचा उच्चार सारखा हवा आणि त्या स्वराआधीचे व्यंजन वेगळे हवे. मराठी कानाची फसगत याच नियमात होते. 'हॅपी' आणि 'सनी' दोन्ही 'ई'वर संपतात, म्हणून आपल्याला ते जुळल्यासारखे वाटतात. पण जोर 'हॅ'वर आणि 'स'वर आहे, आणि तिथपासून मोजले तर उच्चार जुळत नाही. 'सनी'ला 'फनी' हवे. हे एकदा पटले की बाकीचे काम कारकुनी आहे: पहिल्या ओळीला 'ए' द्यायचे, नवा ध्वनी आला की पुढचे अक्षर, जुना परतला की त्याचेच अक्षर. शेक्सपिअरच्या पद्धतीच्या 14 ओळींच्या सुनीताची रचना एबीएबी, सीडीसीडी, ईएफईएफ आणि शेवटी जीजी अशी येते.

पण खुद्द शेक्सपिअरच्या सुनीतांत 'प्रूव्ह्ड'ला 'लव्ह्ड' जुळवलेले आहे. आज ते कुठल्याच प्रमाण इंग्रजीत जुळत नाही. ती सुनीते 1609 साली छापली गेली. भाषेच्या अभ्यासकांच्या मते त्या काळी दोन्ही शब्दांतला स्वर एकच किंवा फार जवळचा होता. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर जागचे हलले. छपाई मात्र 1476 मध्येच इंग्लंडात पोहोचली होती. त्यामुळे स्पेलिंग गोठत गेले आणि उच्चार पुढे सरकत राहिला. इंग्रजी स्पेलिंगला विक्षिप्त म्हणतात, पण बऱ्याच ठिकाणी ते फक्त जुने आहे. 2004 मध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात 'रोमिओ अँड ज्युलिएट' शेक्सपिअरच्या काळच्या पुनर्रचित उच्चारांत सादर झाले, त्यासाठी डेव्हिड क्रिस्टल या भाषातज्ज्ञाने उच्चार बसवून दिले होते. जुने उच्चार शोधण्याचा त्यांचा एक मोठा पुरावा म्हणजे हीच मोडलेली यमके.

अनुप्रासालाही हाच न्याय. 'नाइफ'च्या सुरुवातीला 'के' लिहितात, तरी त्याची जोडी रात्रीच्या 'नाइट'शी. 'वन' आणि 'वंडर' यांत अनुप्रास आहे; 'सिटी' आणि 'कॅट' यांत नाही, दोन्ही 'सी'ने सुरू होत असले तरी. आपली खास अडचण 'व'ची. ओठांचा चंबू करून म्हणायचा 'वेट' आणि वरचे दात खालच्या ओठाला टेकवून म्हणायचा 'व्हेट' हे इंग्रजीत दोन स्वतंत्र ध्वनी आहेत. आपण दोन्हींना एकाच 'व'त कोंबतो आणि मग नसलेला अनुप्रास सापडतो. हसू नका, 'चार' आणि 'चाक' यांतले दोन 'च' आपणही एकाच अक्षराने लिहितो.

उपमा आणि रूपकात उच्चाराचा प्रश्न नाही, तिथे एकच खोच आहे. 'लाइक' किंवा 'ॲज' दिसले की उपमा, असे समजू नये. भाऊ बहिणीएवढा उंच आहे, हे नुसते माप झाले. तो ताडासारखा उंच आहे, ही उपमा.

सगळ्यात अवघड छंद. आपले वृत्त लघु-गुरूवर चालते. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' या ओळीत लघु-गुरु-गुरु हा गण चार वेळा येतो, आणि 'स'वर कोणी जोर देवो न देवो, पुढच्या 'ज्ज'मुळे तो गुरूच राहतो. इंग्रजीत मोजायचा तो जोर. 'द रेन हॅज वॉश्ट द डस्ट फ्रॉम ऑल द ट्रीज' ही साधी ओळ घ्या. तिचे दहा अवयव (सिलॅबल) होतात. जोर रेन, वॉश्ट, डस्ट, ऑल आणि ट्रीज यांवर. हलका-जड अशा पाच जोड्या झाल्या, म्हणजे आयॅम्बिक पेंटामीटर. भारतीय इंग्रजीत आपण 'द'ला आणि 'हॅज'ला 'रेन'इतकेच वजन देतो, म्हणून ठेका विरतो. जोराच्या पाच जागी बाकावर बोट आपटत ओळ म्हटली, तर 'फ्रॉम' आपोआप आखडून 'फ्रम' होतो. जोर कुठे आहे याची शंका आली तर शब्दकोश उघडावा. उच्चारात जोराच्या अवयवाआधी वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ असते. 'रेकॉर्ड' हा शब्द काढून पाहा: नाम असताना ती रेघ 'रे'च्या आधी असते, क्रियापद असताना 'कॉ'च्या.